जहाजावरील वाचन : रहस्य, इतिहास आणि सुट्टी

१

साहित्यसमीक्षेने 'वाचक' ही संकल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ पारखून घेतली. गर्भित वाचक, आदर्श वाचक, सुजाण वाचक, संहितेला प्रतिरोध करणारा वाचक अशी त्याची नाना रूपे सिद्धान्तांतून वावरू लागली. या सर्व वाचकांत एक गोष्ट समान आहे : त्यांना बसायला जागा नाही. ते कोठे वाचतात, वाचताना त्यांच्या पायांखाली जमीन असते की पाणी, त्यांच्यासाठी चहा कोण आणून ठेवतो, याची चौकशी सिद्धान्ताने क्वचितच केली. वाचन ही जणू स्थळातीत क्रिया आहे असे गृहीत धरून अर्थनिर्णयाचे सारे व्यवहार चालत राहिले. वास्तविक पाहता, एकच संहिता ग्रंथालयात, रुग्णालयाच्या बाकावर आणि रात्रीच्या एस.टी.मध्ये वाचली असता तीच राहते असे म्हणणे धाडसाचे आहे.

वाचनस्थळाचा हा प्रश्न ज्यांनी गंभीरपणे घेतला त्यांत वाल्टर बेंजामिन अग्रभागी आहे. १९३० साली लिहिलेल्या एका छोट्या टिपणात त्याने रेल्वेप्रवासात गुन्हेकथा का वाचल्या जातात याचा विचार केला आहे. स्थानकावरच्या दुकानातून प्रवासी अशी पुस्तके उचलतो, कारण प्रवासाची अनामिक धास्ती त्याला दुसऱ्या, बांधीव धास्तीत बुडवून टाकायची असते. एका भयाने दुसऱ्या भयाला बधिर करायचे असते. निरीक्षण मार्मिक आहे, पण ते ज्या प्रवासावर आधारलेले आहे त्याला गन्तव्य आहे : गाडी चुकण्याची, अनोळखी शहरात उतरण्याची भीती त्याच्या मुळाशी आहे. प्रवासातून गन्तव्यच काढून टाकले तर काय होते? आजच्या क्रूझ-सहलीत नेमके हेच घडलेले असते. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून निघालेले जहाज गोव्याकडे वा लक्षद्वीपकडे जाऊन पुन्हा तेथेच परतते. पोहोचायचे असे कोठेच नसते. जहाज हेच स्थान आणि जहाज हीच सुट्टी. इथला प्रवासी भय बधिर करण्यासाठी रहस्यकथा उघडत नाही. भयाचा जो अंश सहलीने काळजीपूर्वक पुसून टाकलेला असतो, तो तो पुस्तकातून विकत घेतो.

अशा एका वाचनाचा विचार येथे करावयाचा आहे. वाचक आहेत मराठीच्या एक निवृत्त अध्यापिका. मुलांनी हौसेने काढून दिलेल्या तिकिटावर त्या जहाजात बसल्या आणि पिशवीत स्ट्युअर्ट टर्टन या इंग्रज कादंबरीकाराची 'द डेव्हिल अँड द डार्क वॉटर' ही २०२० साली प्रसिद्ध झालेली कादंबरी घेऊन गेल्या. समुद्रावर समुद्राचे पुस्तक वाचावे, एवढाच साधा हिशेब. रहस्यकथेविषयी त्यांना वावडे नव्हते. बाबूराव अर्णाळकरांच्या हजारांहून अधिक कथांपैकी कितीतरी त्यांनी शाळकरी वयात अभ्यासाच्या वहीआड वाचल्या होत्या, आणि पुढे वर्गात 'रंजनपर साहित्य' हा शब्द उच्चारताना त्या वहीची आठवण त्यांना दरवेळी होत असे. या वाचनाच्या मुळाशी मात्र आणखी एक गोष्ट होती, ती योग्य ठिकाणी येईल.

२

कादंबरीचा काळ १६३४. डच ईस्ट इंडिया कंपनीचे 'सारदाम' हे जहाज मसाल्यांचा माल, बातावियाचा गव्हर्नर-जनरल, त्याचे कुटुंब, शिपाई आणि खलाशी यांना घेऊन अ‍ॅमस्टरडॅमकडे निघते. निघण्यापूर्वीच बंदरात एक महारोगी जहाजाचा विनाश जाहीर करून पेट घेतो. आणि नंतर ध्यानात येते की त्याला जीभच नव्हती. सात जहाजांच्या ताफ्यात रात्री आठवा कंदील दिसू लागतो. शिडावर एक अशुभ चिन्ह उमटते. हे सारे उलगडू शकेल असा एकमेव माणूस, सॅमी पिप्स हा प्रख्यात गुन्हाशोधक, स्वतःच कैदी असून जहाजाच्या नाळेकडील अंधारकोठडीत बंद आहे. म्हणून शोधाचे काम त्याचा अंगरक्षक व सोबती आरेंट हेस आणि गव्हर्नरची पत्नी सारा वेसल यांच्यावर येऊन पडते. शेवट येथे सांगण्याचे कारण नाही. रहस्यकथेच्या वाचकाशी समीक्षेनेही तेवढे सौजन्य पाळावे.

बंद स्थळ ही रहस्यकथेची जुनी गरज आहे. हिमवृष्टीने कोंडलेले घर, थबकलेली आगगाडी, बेट आणि जहाज यांत संशयितांची संख्या मर्यादित राहते आणि कोणीही पळून जाऊ शकत नाही. परंतु जहाज हे या यादीतले इतरांसारखे केवळ एक स्थळ नव्हे. मिशेल फूकोने १९६७ साली दिलेल्या आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या 'अन्य अवकाशां'वरील व्याख्यानात जहाजाला अशा अवकाशांचा सर्वश्रेष्ठ नमुना मानले आहे : स्वतःत मिटलेला आणि त्याच वेळी अथांग समुद्राच्या हवाली केलेला अवकाशाचा एक तुकडा, जो बंदरामागून बंदर करीत वसाहतींपर्यंत जातो. फूकोच्या दृष्टीने जहाज हे युरोपीय संस्कृतीचे आर्थिक साधन होते आणि कल्पनाशक्तीचे भांडारही. या दोन बाजू एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत, हे टर्टनच्या कादंबरीत पानोपानी जाणवते. तळघरातला मसाला आणि शिडावरचे भूत एकाच जहाजावर आहेत.

'सारदाम'वर मुख्य डोलकाठी ही सीमारेषा आहे. तिच्या मागे प्रतिष्ठित प्रवाशांच्या केबिनी, पुढे खलाशांचे राज्य. रेषा ओलांडणाऱ्याचे काय होईल याची खात्री नाही. वाचन करणाऱ्या अध्यापिकांना ही रेषा पहिल्याच संध्याकाळी ओळखीची वाटली. त्यांच्या जहाजावर डोलकाठी नव्हती; परंतु गालिचा जेथे संपतो तेथे एक करड्या रंगाचे दार होते आणि त्यावर केवळ कर्मचाऱ्यांसाठी अशी पाटी होती. दार उघडले की क्षणभर पांढऱ्या नळीदिव्यांचा उजेड, लोखंडी भिंती, ढकलगाडीवरच्या चादरींचे ढीग आणि कोंदट गरम हवा दिसे. दार मिटले की पुन्हा मंद संगीत सुरू होई. सतराव्या शतकातली सीमा उघडपणे दिसत असे, कारण तिला लाजण्याचे कारण नव्हते. आजची सीमा मात्र भिंतीच्या रंगात रंगवलेली असते. ऐतिहासिक कादंबरीने येथे एक अनपेक्षित काम केले : तिने भूतकाळ जिवंत केला की नाही हा प्रश्न बाजूला राहिला, पण तिने वर्तमान जहाजाचा नकाशा वाचायला शिकवले.

३

टर्टनच्या कल्पित जहाजामागे एक खरे जहाज आहे. 'बाताविया' हे कंपनीचे नवे कोरे जहाज १६२८ च्या ऑक्टोबरात हॉलंडहून निघाले आणि ४ जून १६२९ रोजी पहाटे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या हाउटमन आब्रोल्यॉस बेटांच्या प्रवाळखडकावर आदळले. जहाजावर तीनशेहून अधिक माणसे होती. कमांडर फ्रान्सिस्को पेल्सार्ट काही जणांसह उघड्या नावेतून मदत आणण्यासाठी जावा बेटाकडे गेला. मागे राहिलेल्यांवर येरोनिमुस कोर्नेलिस या दुय्यम व्यापाऱ्याने सत्ता बसवली. हा मूळचा हार्लेमचा औषधविक्रेता. पुढच्या काही आठवड्यांत त्याच्या टोळीने शंभराहून अधिक पुरुष, स्त्रिया आणि मुले मारली. विबे हेस नावाच्या एका साध्या शिपायाने दुसऱ्या बेटावर दगडी आडोसे रचून प्रतिकार केला. ते आडोसे आजही तेथे आहेत. सप्टेंबरात पेल्सार्ट परतला तो 'सारदाम' नावाच्या जहाजातून. कोर्नेलिसला ऑक्टोबरच्या आरंभी त्याच बेटांवर फाशी दिले गेले. जहाजाचे अवशेष १९६३ साली सापडले आणि त्याच्या लाकडी सांगाड्याचा एक भाग फ्रीमँटलच्या संग्रहालयात उभा आहे.

जहाजाचे आणि आरेंट हेसचे नाव टर्टनने कोठून घेतले हे यावरून उघड होते. परंतु नावे उचलताना जे बदल झाले त्यांतच कादंबरीप्रकाराचे अंतरंग प्रकट होते. पहिला बदल असा की इतिहासातला हेस हा सामान्य शिपाई होता. कादंबरीतला हेस हा एका अतिश्रीमंत व्यापारी घराण्याचा वारस असून त्याने तो वारसा नाकारून शिपाईगिरी पत्करली आहे. सामान्य माणसाने सामान्यपणेच शौर्य करावे हे कथेच्या परंपरेला अजूनही पचत नाही. त्याच्या अंगरख्याखाली कोठेतरी राजमुद्रा असावी लागते.

दुसरा बदल अधिक मूलगामी आहे. आब्रोल्यॉसच्या बेटांवर रहस्य असे काही नव्हते. कोण मारतो आहे हे सर्वांना माहीत होते. हत्या पुढे पुढे दिवसाढवळ्या होत. इतिहासाला पडणारा प्रश्न 'कोणी' हा नसून 'का' हा आहे : शिस्तबद्ध कंपनीच्या नोकरांचा एक समूह काही दिवसांत कत्तलीला कसा तयार झाला, उरलेले इतके दिवस गप्प कसे राहिले. त्स्वेतान तोदोरोव्हने १९६६ सालच्या आपल्या निबंधात रहस्यकथेत दोन कथा असतात असे दाखवले : एक गुन्ह्याची, जी घडून गेलेली पण अनुपस्थित, दुसरी शोधाची, जी उपस्थित पण स्वतः गौण. 'बाताविया'च्या प्रकरणात पहिली कथा अनुपस्थित नव्हतीच. ती अनुपस्थित करावी लागली, म्हणजे कादंबरीला सुरुवात होऊ शकली. हे करताना 'का'चे रूपांतर 'कोण'मध्ये झाले, आणि संस्थेच्या अंगी भिनलेल्या हिंसेचा प्रश्न एका वा दोन व्यक्तींच्या हेतूत सामावला गेला. ज्या कंपनीने १६२१ साली जायफळ आणि जायपत्रीच्या मक्तेदारीसाठी बांदा बेटांवरची वस्ती जवळजवळ नाहीशी केली, तिच्या जहाजावर सैतान कोण हे शोधत फिरावे लागते, यात एक उपरोध आहे. टर्टनला तो उपरोध कळलेला आहे; गव्हर्नरच्या भूतकाळावर त्याने बांदाची छाया पाडली आहे. तथापि रहस्यकथेचा घाट ती छाया फार काळ धरून ठेवू शकत नाही. घाटाला पुढचा दुवा हवा असतो.

तिसरा बदल सत्य मिळवण्याच्या रीतीविषयी आहे. १६२९ च्या त्या बेटावर न्यायाची चौकशी झाली, जबान्या नोंदल्या गेल्या, आणि त्या पाण्याच्या छळाचा वापर करून मिळवल्या गेल्या होत्या. तत्कालीन डच न्यायपद्धतीत कबुलीजबाबाला निर्णायक महत्त्व होते आणि तो काढण्यासाठी यातना देणे विधिसंमत होते. बोटांच्या ठशांवरून, चिखलाच्या डागावरून, वाक्यातल्या विसंगतीवरून सत्यापर्यंत पोहोचणारा शोधक ही एकोणिसाव्या शतकाची निर्मिती आहे. एडगर अ‍ॅलन पोने १८४१ साली त्याला प्रथम उभे केले. त्याला १६३४ च्या जहाजावर चढवणे हा कालविपर्यास खरा, पण निरर्थक नव्हे. यातना देणाऱ्याच्या जागी तर्क करणारा बसवला की वाचकाला त्या काळात निर्धास्तपणे वावरता येते. ऐतिहासिक रहस्यकथा इतिहासाला असे राहण्याजोगे करून देते, आणि क्रूझ समुद्राला. दोन्हींत मूळ वस्तूतला असह्य भाग कोणीतरी आधीच उचलून नेलेला असतो.

मराठी वाचकाला या प्रकरणात परकेपणा वाटू नये अशी आणखी एक गोष्ट आहे. पेल्सार्ट हा 'बाताविया'चा कमांडर होण्यापूर्वी काही वर्षे आग्र्याला कंपनीचा व्यापारी होता. १६२६ च्या सुमारास त्याने लिहिलेला वृत्तान्त मोरलंड आणि गेल यांनी १९२५ साली इंग्रजीत आणला आणि जहांगीरकालीन हिंदुस्थानच्या अभ्यासकांना तो सुपरिचित आहे. त्यात मजूर, चाकर आणि दुकानदार हे नावापुरते स्वतंत्र असले तरी त्यांची स्थिती स्वेच्छेच्या गुलामीहून फारशी निराळी नाही, असे निरीक्षण पेल्सार्टने नोंदवले आहे. दुसऱ्याच्या साम्राज्यातील चाकर त्याला स्वच्छ दिसला. बेटांवर परतल्यावर मात्र त्याच्या नोंदींचा मोठा भाग बुडालेल्या पैशाच्या पेट्या वर काढण्यात खर्ची पडला, आणि त्या कामासाठी त्याने बरोबर आणलेल्यांत गुजराती पाणबुडे होते. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरची माणसे या जगप्रसिद्ध हत्याकांडाच्या तळाशी श्वास रोखून उतरली. ती कथेत येतात आणि पात्र न होता निघून जातात.

याच कंपनीची एक वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला होती. तिचे पडके अवशेष आजही आहेत. मुंबईहून गोव्याला जाणारे जहाज रात्रीतून खांदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि वेंगुर्ला ओलांडते. किनारा दूर असतो. दिसतात ते मासेमारी नौकांचे दिवे. कादंबरीतला आठवा कंदील ज्या रात्री प्रथम दिसतो ती पाने अध्यापिकांनी याच पट्ट्यात कोठेतरी वाचली. बाहेर पाहिल्यावर त्यांना एक नव्हे, पन्नास कंदील दिसले, आणि त्यांपैकी कशातही रहस्य नव्हते. ती माणसे कामावर होती.

४

रहस्यकथेच्या अलिखित व लिखित संकेतांत नोकराविषयीचा संकेत विशेष विचारणीय आहे. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम सांगितले. त्यांतल्या एकानुसार नोकराला गुन्हेगार ठरवू नये. कारण तसे करणे फार सोपे आहे, आणि गुन्हेगार हा लक्ष देण्याजोगा माणूस असला पाहिजे. हा नियम सकृद्दर्शनी उदार दिसतो. दुर्बळाला संशयातून मुक्त करणारा. नीट पाहिले तर ती मुक्ती सन्मानाची नसून क्षुल्लकतेची आहे. गुन्हा करण्याइतके व्यक्तित्व नोकराला नाही, म्हणून तो निर्दोष.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यापिका गॅलरीत वाचत बसल्या असताना केबिन आवरायला आलेल्या मुलाने पुस्तकाच्या वेष्टनावरचे जहाज पाहिले. मुलगा गोव्याचा, साष्टीचा. दोघांत जे थोडे बोलणे झाले ते असे :

"बोटीचीच गोष्ट आहे काय, मॅडम?"

"हो. खुनाची आहे."

"मग बघा, शेवटाला आमच्यातलाच कोणतरी निघणार."

"नाही हो. नोकरमाणूस खुनी दाखवायचा नाही, असा या गोष्टींचा नियमच आहे."

तो हसला. उशीला अभ्रा चढवत म्हणाला, "पुस्तकात असेल. मी आधी ज्या बोटीवर होतो तिथं पाहुण्यांचं घड्याळ हरवलं, तर पहिली आमची पेटी उघडली. घड्याळ त्यांच्याच कोटात होतं."

कोणत्याही सिद्धान्तनाने इतक्या थोड्या शब्दांत जे साधले नसते ते या संवादाने साधले. कल्पितात नोकर संशयाबाहेर असतो आणि वास्तवात संशयाच्या पहिल्या रांगेत. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही व्यवस्था एकाच गृहीतावर उभ्या आहेत : नोकराच्या मनात काय आहे याच्याशी कोणालाही कर्तव्य नाही. रहस्यकथेत हेतू लागतो, म्हणून तो वगळला जातो. घड्याळ हरवल्यावर हेतू शोधावा लागत नाही, म्हणून तो पकडला जातो. टर्टनच्या पक्षी असे म्हणता येईल की त्याच्या जहाजावर खलाशी आणि शिपाई हे केवळ पार्श्वभूमी नाहीत. त्यांचे आपसांतले वैर, त्यांची भाषा, त्यांची अंधश्रद्धा यांना कथानकात वजन आहे. सारा वेसलसारख्या स्त्रीला ज्या प्रकारे बुद्धी आणि कृती बहाल केली आहे तेही व्हॅन डाइनच्या जगापासून दूरचे आहे. तरीही कादंबरीचे निर्णायक संभाषण घडते ते डोलकाठीच्या मागच्या बाजूला.

आधुनिक जहाजांवरील श्रमाचे नियम कागदावर आहेत. २००६ साली संमत झालेला सागरी श्रमविषयक आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून लागू झाला. भारतानेही २०१५ मध्ये तो स्वीकारला. त्यानुसार कोणत्याही चोवीस तासांत किमान दहा तासांची विश्रांती हवी. म्हणजे उरलेले चौदा तास काम असू शकते, असा त्याचा दुसरा अर्थ. हे चौदा तास प्रवाशाला दिसू नयेत अशी क्रूझ-जहाजाची रचना असते. फेब्रुवारी २०२० मध्ये ही रचना एकदा उघडी पडली. योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज करोनाच्या साथीमुळे विलग करून ठेवण्यात आले, तेव्हा त्यावर सुमारे तीन हजार सातशे माणसे होती आणि त्यांपैकी सातशेहून अधिक बाधित झाली. प्रवाशांना केबिनींत राहण्यास सांगितले गेले. कर्मचारी मात्र दारोदार जेवण पोहोचवत राहिले. त्यांत भारतीयही होते. बंद जहाज, मर्यादित संख्या, अदृश्य मारेकरी : रहस्यकथेची सारी सामग्री तेथे जमली होती. फरक एवढाच की मारेकऱ्याचे नाव पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि कोणाला केबिनीत बसता येते व कोणाला येत नाही, हाच खरा प्रश्न होता. पुन्हा 'कोण'च्या जागी 'का'.

५

या अध्यापिकांचे आजोबा दाभोळ खाडीकाठचे. इंग्रजी कंपनीच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी. त्यांच्याविषयी घरात उरलेल्या गोष्टी दोनतीनच : एक पत्र्याची पेटी, खलाशाच्या नोंदपुस्तकाची वाळवीने अर्धी खाल्लेली पाने, आणि जेवताना ताटाचा काठ डाव्या हाताने धरून ठेवण्याची त्यांची सवय, जी जमिनीवरही सुटली नाही. त्या सवयीला घरातली मुले हसत. ते जगाच्या कोणत्या बंदरांत गेले हे शिक्क्यांवरून कळे. तेथे त्यांनी काय पाहिले हे कोणी विचारले नाही. मराठीत 'बोट लागणे' हा वाक्प्रचार रुळला तो प्रवाशाच्या पोटातून. खलाशाला बोट लागत नाही, त्याला ती जन्मभर पुरते; या अनुभवासाठी मराठीत वाक्प्रचार नाही.

मराठीची सागरी स्मृती आरमाराची आहे. शिवकालीन जलदुर्ग, कान्होजी आंग्रे, त्यांच्या गलबतांचे पराक्रम यांवर लिहिले गेले आणि लिहिले जावे. परंतु एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत रत्नागिरी जिल्ह्यातून आणि गोव्यातून परदेशी आगबोटींवर गेलेल्या खलाश्यांची, सारंगांची, भंडाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वर्दळ ललित साहित्याच्या परिघावरच राहिली. युरोपीय खलाशाच्या वेतनाच्या काही अंशावर ती माणसे तेच समुद्र ओलांडत होती. त्यांच्या भाषेचा कोश झाला तोही हुकूम देणाऱ्यांच्या सोयीसाठी : टॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यात प्रसिद्ध केलेला नौकानयनविषयक इंग्रजी-हिंदुस्थानी शब्दसंग्रह. दोन शतकांनी अमिताव घोष यांनी 'सी ऑफ पॉपीज' (२००८) या कादंबरीत लष्करांच्या त्या मिश्र बोलीला पुन्हा तोंड दिले, आणि हुकमाच्या कोशातून पात्रांची भाषा घडवली. असे काम मराठीत व्हायचे आहे. ते मराठीत अधिक नैसर्गिकपणे होऊ शकेल, कारण तांडेल, सारंग, खलाशी, सुकाणू, नाळ हे शब्द या भाषेला कोशातून शोधावे लागत नाहीत.

मग आजोबांच्या नातीने त्याच समुद्रावर प्रवासी म्हणून आरामखुर्चीत बसून खुनाची गोष्ट आनंदाने वाचावी, हे कसे समजून घ्यायचे? कठोर समीक्षक याला विस्मरण म्हणेल. तसे म्हणणे सोपे आहे आणि पुरेसे नाही. रोलाँ बार्थने वाचनानंदाविषयी लिहिताना आनंदाची नीतीने केलेली हेटाळणी संशयास्पद ठरवली होती, ती अकारण नव्हे. आपत्तीच्या कथा सुखासाठी वाचणे ही आजच्या सुट्टीची विकृती नाही. 'बाताविया'च्या दुर्दैवी प्रवासाचा वृत्तान्त १६४७ मध्येच अ‍ॅमस्टरडॅमला पुस्तकरूपाने छापला गेला. अशा पुस्तकांना त्या शहरात मोठा वाचकवर्ग होता, आणि त्यांतले काही वाचक तरी कंपनीच्या नफ्याचे भागीदार असणार. शिवाय नातीचा आनंद हा आजोबांच्या श्रमांचा अपमान ठरतो असे मानले, तर श्रम करणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांनी कधी निवांत बसूच नये असे म्हणावे लागेल. त्या आरामखुर्चीवर त्यांचा हक्क कोणाहून कमी नव्हता.

प्रश्न आनंदाचा नसून त्या आनंदाच्या दृष्टिक्षेत्राचा आहे. रहस्यकथा वाचकाला संशय शिकवते : प्रत्येक दार, प्रत्येक दिवा, प्रत्येक अनवधानाने उच्चारलेला शब्द अर्थपूर्ण असू शकतो. ही तिची शिस्त आहे, आणि ती क्षुद्र नाही. सामान्यतः पुस्तक मिटल्यावर ही सावधता संपते, कारण जेथे वाचले ते स्थळ आणि जे वाचले ते स्थळ यांच्यात संबंध नसतो. जहाजावर वाचलेल्या जहाजाच्या कथेत मात्र ती सावधता पानांबाहेर सांडते. करडे दार दिसते. चादर रोज कोणत्या वेळी बदलली गेली याची नोंद मनात होऊ लागते. शोधकाची नजर शोधकथेच्या मर्यादा ओलांडून अशा प्रश्नापाशी येते ज्याची तजवीज कथेने केलेली नसते. या अर्थाने लोकप्रिय कथाप्रकार आपल्या वाचकाला जे देतो ते नेहमीच त्याच्या स्वतःच्या हेतूच्या मर्यादेत राहत नाही. आणि गंभीर साहित्याने हे काम आपल्याकडेच राखून ठेवले आहे असे समीक्षेने समजू नये.

मुंबईत मशीद बंदर परिसरात भारतीय खलाश्यांचे जे निवासगृह आहे, तेथे पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाश्यांचे स्मारक आहे. क्रूझच्या धक्क्यापासून ते दूर नाही. तेथे कथा नाही. कोणी, केव्हा, कोणत्या पाणबुडीने वा सुरुंगाने बुडवले, त्या रात्री कोण कामावर होता आणि कोण झोपला होता, हे सांगणारा निवेदक नाही. रहस्यकथेत मारेकऱ्याचे नाव शेवटपर्यंत दडवले जाते आणि मृतांची नावे पहिल्या प्रकरणानंतर कोणाला आठवत नाहीत. स्मारकाने उलट क्रम स्वीकारला आहे. मृतांची नोंद हीच त्याची संपूर्ण संहिता. ती वाचण्यासाठी कोणता वाचक लागतो, आणि तो कोठे उभा राहून वाचतो, याचा विचार वाचकाच्या सिद्धान्ताने अद्याप करावयाचा आहे.